राहुटीत डोकावणाऱ्यांस मज्जाव करा : ताडकळसकरांस जाहीर आवाहन



शेजारच्या गावी नुकत्याच झालेल्या लावणीच्या कार्यक्रमात, कलावंत भगिनी वेश बदलीत असता राहुटीची कनात फाडून आत मोबाईल घालणारे जे तरुण रंगेहाथ सापडले, ते आपल्याच गावचे निघाले. आणि ‘पोरवय आहे, जाऊ द्या’ असे म्हणून त्यांना सोडवून आणण्यात काही वडीलधाऱ्यांनी जी तत्परता दाखविली, ती त्या कृत्याहूनही अधिक लाजिरवाणी असल्यामुळे आमच्या मंडळास हे पत्रक काढणे भाग पडले आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये नृत्यांगना गौतमी पाटील यांचे कपडे बदलतानाचे चोरटे चित्रण राज्यभर फिरले, राज्य महिला आयोगाने दखल घेतली, पुण्यात गुन्हा दाखल झाला. परंतु त्यांच्या नृत्यास अश्लील ठरवून नाके मुरडणाऱ्या किती सभ्य गृहस्थांनी तीच चित्रफीत बाजारच्या दिवशी चहाच्या टेबलावर एकमेकांस दाखविली, याचा हिशेब कोणत्याही दफ्तरी नोंदला गेला नाही. त्याच महिन्यात मुंबईत आलिया भट यांची स्वतःच्या दिवाणखान्यात बसलेली छायाचित्रे शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून घेतली गेली. आदल्या वर्षी पर्थच्या हॉटेलात विराट कोहली यांच्या खोलीचे चित्रण झाले. जून २०२० मध्ये तर सुशांतसिंह राजपूत यांच्या मृतदेहाची छायाचित्रे पसरवू नका, असे महाराष्ट्र सायबर विभागास बजावावे लागले. मेल्यावरही सुटका नाही!

‘प्रसिद्धी हवी, मग लाज कसली?’ असा युक्तिवाद पारावर ऐकू येतो. कापडदुकानदाराने दुकान उघडले म्हणून गिऱ्हाइकास त्याच्या माजघरात शिरण्याचा परवाना मिळतो काय? यापेक्षा अधिक उत्तर या आक्षेपास देण्याची गरज आम्हांस वाटत नाही.

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर यांना खेळ रंगात असताना बोर्डामागेच प्रसूती झाली, त्या पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या, आणि ही गोष्ट ध्यानी येताच त्याच प्रेक्षकांनी हात जोडून खेळ थांबविण्याची विनंती केली, असे सांगतात. ते प्रेक्षकही खेड्यातलेच होते, शिट्ट्या मारणारेच होते. पण कनातीच्या आत फडातील बायांचा संसार असतो, त्यांची लेकरे तेथेच झोपतात, एवढी जाण त्यांना होती. आपल्याकडील शिकल्यासवरलेल्या, पदवीधर म्हणविणाऱ्या पोरांना ती नसावी?

कायदा कोणाचे वय पाहून हसत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ अन्वये स्त्रीचे अशा खासगी स्थितीतील चित्रण करणे किंवा ते प्रसृत करणे हा गुन्हा असून, पहिल्याच वेळी किमान एक व कमाल तीन वर्षे कैद आणि दंड आहे. पुन्हा सापडल्यास मुदत सात वर्षांपर्यंत जाते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई स्त्री-पुरुष भेद करीत नाही. त्यात दोन लाखांपर्यंत दंड आहे. ‘मी फक्त पुढे पाठवले’ ही सबब पोलीस ठाण्यात चालणार नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले आहे; तो हक्क जसा नटीचा, तसाच आपल्या लेकीचाही.

तेव्हा तूर्त एवढे करावे. कार्यक्रमाची सुपारी देतानाच राहुटीस दुहेरी कनात, आत स्वतंत्र वीज आणि दाराशी गावातील दोन भगिनींचा पहारा, या अटी समितीने स्वतः लिहून द्याव्यात. कलावंतांचा मुक्काम कोठे आहे हे ध्वनिक्षेपकावरून पुकारू नये. व्हॉट्सॲप गटांच्या चालकांनी अशी चित्रफीत येताच ती काढून, पाठविणाऱ्यास गटाबाहेर घालवावे. पीडितेने फिर्याद द्यावयाची ठरविल्यास ताडकळस पोलीस ठाण्यात तिच्यासोबत जाण्याचा भार आमचे कार्यकर्ते उचलतील. यात्रेतील पाणपोई असो वा हरवलेली मुले शोधणे, मंडळाने अंगावर घेतलेले काम कधी अर्धवट सोडलेले नाही, हे गाव जाणतेच. येत्या ग्रामसभेत या आशयाचा ठराव आम्ही मांडणार आहोत; पुरुषमंडळींनी मागे उभे राहून कुजबुजण्याऐवजी पुढे येऊन हात वर करावेत.

आणि ज्यांनी त्या रात्री मुलांना सोडवून आणले, त्यांनी ठरावापूर्वी ते मोबाईल पोलिसांच्या स्वाधीन करावेत. न केल्यास आम्ही स्वतः लेखी तक्रार देऊ, आणि त्यात मुलगा कोणत्या पुढाऱ्याचा हे पाहिले जाणार नाही.