पडद्याचें चित्र घेतांना

वीजबिलाची पावती, परीक्षेच्या अर्जाचा क्रमांक, आगगाडीचें आरक्षण असे कुटुंबाचे कितीतरी व्यवहार आतां संगणकाच्या पडद्यावर होतात, आणि पान बदललें कीं त्यांची खूणहि समोर राहत नाहीं. अशा वेळीं सुशिक्षित घरांतहि मोबाईल पुढें धरून पडद्याचा फोटो काढण्याची रीत दिसते. त्या फोटोंत दिव्याची तिरीप येते, अक्षरें तिरपीं उमटतात, आणि नेमका हवा तो क्रमांकच वाचतां येत नाहीं. वास्तविक पडद्याचें स्वच्छ चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, घेण्याची सोय संगणकांतच असते.

कीबोर्डावर वरच्या बाजूस ‘प्रिंट स्क्रीन’ ही कळ असते. नांव जुन्या काळचें आहे. १९८१ सालच्या आयबीएमच्या संगणकावर शिफ्टसह ही कळ दाबली कीं पडद्यावरील मजकूर खरोखरीच छापयंत्राकडे जाई. आतां कागद निघत नाहीं. नांव तेवढें टिकलें आहे.

विंडोजच्या संगणकावर खिडकीचें चिन्ह असलेली कळ व प्रिंट स्क्रीन एकदम दाबल्यास सगळ्या पडद्याचें चित्र ‘पिक्चर्स’मधील ‘स्क्रीनशॉट्स’ ह्या कप्प्यांत जाऊन पडतें. कांहीं लॅपटॉपांवर सोबत ‘एफएन’ कळहि दाबावी लागते. खिडकीची कळ, शिफ्ट व एस ह्या तिन्ही एकत्र दाबल्या तर पडदा किंचित् अंधुक होतो. मग माउसनें हव्या त्या भागाभोंवतीं चौकट ओढावी. तेवढेंच चित्र घेतलें जातें, आणि कंट्रोल व व्ही दाबून तें पत्रांत उतरवितां येतें. मॅकवर शिफ्ट, कमांड व ३ ह्यांनीं संपूर्ण पडदा, तर ३ ऐवजीं ४ घेतल्यास निवडलेला भाग मिळतो.

घरांतील प्रत्येकानें आधीं हा चौकटीचा प्रकार शिकावा, असें आमचें मत आहे. एकत्र कुटुंबांत संगणक बहुधा एकच. काकांनीं तिकिटाचें चित्र साऱ्या आप्तमंडळींस धाडावें आणि त्याच चित्रांत वरच्या पट्टीवर पुतणीसाठीं चाललेल्या स्थळाचा पत्ता किंवा सुनेच्या वैद्यकीय तपासणीचें नांव दिसावें, हें कांहीं अशक्य नाहीं. एकदां गेलेलें चित्र दहा मोबाईलांवरून परत कसें आणणार?

मोठें चित्र घेऊन मागाहून कापूं, असेंहि कोणी म्हणेल. परंतु २०२३ च्या मार्चमध्यें उघडकीस आलें कीं विंडोज ११ च्या चित्र कापण्याच्या साधनांत व गूगलच्या पिक्सेल फोनांत, कापून त्याच नांवानें ठेवलेल्या चित्राच्या पोटांत टाकून दिलेला भाग शिल्लक राही आणि जाणत्यास तो बराचसा परत काढतां येई. तो दोष पुढें दुरुस्त झाला; तरी जें घेतलेंच नाहीं तें फुटण्याची भीति नसते. क्रमांकावर अर्धपारदर्शक रंग फांसणेंहि व्यर्थ. उजेड वाढविला कीं आंकडे वर येतात.

पैसे पाठविल्याचें चित्र मात्र पावती समजूं नये. तसलें चित्र बनावटहि करितां येतें. घरीं फराळाचा उद्योग करणाऱ्या भगिनींनीं गिऱ्हाइकानें दाखविलेल्या चित्रावर न विसंबतां स्वतःच्या खात्यांत रक्कम जमा झालेली पाहावी, आणि मगच डबा हातीं द्यावा.