हजची तयारी वरंधच्या घाटात

वरंध घाटाच्या परिसरात सुट्टीला पुण्या-मुंबईची तरुण मुलं येतात आणि एका रात्रीसाठी तंबू ठोकतात. एवढ्यासाठी त्यांची यादी केवढी! बूट, टॉर्च, पाण्याच्या बाटल्या, औषधं. इकडे महाड-पोलादपूरच्या गावांतून साठी-सत्तरीतली माणसं हजला निघतात, तीही वाळवंटी मुलखात चार-पाच रात्री काढायला. त्यांच्या सामानात एहराम असतो, तसबीह असते, दुआंची किताब असते. शरीराची तयारी मात्र बहुतेकांनी केलेलीच नसते.

हजचे मुख्य दिवस म्हणजे एक मोठा मुक्कामच आहे. ८ जिलहजला मिनाच्या तंबूत, ९ला दिवसभर अराफातच्या मैदानात, ती रात्र मुज्दलिफात उघड्या आभाळाखाली, मग पुन्हा १२ किंवा १३ तारखेपर्यंत मिनात. मिनात एक लाखाहून जास्त तंबू आहेत. १९९७ साली तिथे आग लागून तीनशेहून अधिक हाजी दगावले. त्यानंतर आग न धरणारे तंबू उभारले गेले, आत थंड हवेची सोय झाली. पण माणूस तंबूत बसून हज करत नाही. जमरातला जायचं-यायचं, गर्दीत थांबायचं, बस चुकली तर पायी निघायचं, हे सगळं उन्हातच.

२०२४ साली हे ऊन काय करू शकतं ते दिसलं. मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला. सौदी सरकारने १३०१ मृत्यू जाहीर केले. त्यांतले ८३ टक्के परवान्याविना आलेले होते, म्हणजे तंबू आणि बसच्या सोयीविना लांबवर चाललेले. भारतातले ९८ हाजी त्या वर्षी वारल्याचं परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं. हे सगळे उन्हानेच गेले असं नाही, जुने आजारही होते. पण म्हातारं, आजारी शरीर उन्हात आधी खचतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

कोकणातल्या माणसाला त्यात एक वेगळा धोका आहे. आपल्याकडची हवा दमट. घाम अंगावर राहतो, सदरा भिजतो, तहान लागल्याचं कळतं. तिथली हवा कोरडी, घाम आला तसा उडून जातो. अंग कोरडं वाटतं आणि आतलं पाणी मात्र संपत असतं. शिवाय संडासच्या रांगेच्या धास्तीने कित्येक जण, विशेषतः बायका, मुद्दाम पाणी कमी पितात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यांची भर वेगळी. उन्हात त्या कशा घ्यायच्या हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं.

पूर्वी मुंबईहून जहाजाने जाणाऱ्यांना समुद्रावरचे दिवस मिळायचे. उकाडा, अनोळखी माणसांच्या शेजारी झोप, पाण्याची रांग, सगळ्याची सवय वाटेतच व्हायची. १९९५ नंतर जहाजं बंद झाली. आता विमान काही तासांत जेद्दाहला उतरवतं. वाटेत व्हायची ती तयारी आता घरीच करावी लागणार.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अल्लाहच्या घरी मौत आली तर नसीबच." तमन्ना म्हणून ती समजू शकते. पण सबब म्हणून? पैगंबर (सल्ल.) यांनी उन्हात उभं राहण्याचा नवस केलेल्या माणसाला सावलीत बसायला सांगितलं होतं. त्यांच्या स्वतःच्या हजमध्ये खडे मारताना एका साथीदाराने त्यांच्यावर कापड धरून ऊन अडवलं. अशक्त माणसांना त्यांनी मुज्दलिफातून गर्दीआधी निघायची मुभा दिली. ज्याला खडे मारायला जाणं झेपत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याने मारले तरी चालतात. एहरामात पुरुषाला डोक्यावर टोपी चालत नाही, छत्री चालते. दीनने दिलेली ही सवलत न घेणं म्हणजे जास्त दीनदारी नव्हे.

म्हणून सुचवावंसं वाटतं ते साधं आहे. प्रशिक्षण शिबिरांत तवाफ-सई-दुआ शिकवतात, ते हवंच. त्याच्या जोडीला बिरवाडी, महाड, पोलादपूरच्या जमातींनी मिळून हाजींना तीन महिने आधीपासून चालवावं. पहिले काही दिवस मशिदीपासून बाजारापर्यंत, मग वरंधच्या घाटरस्त्याने, ज्याला जेवढं झेपेल तेवढं. शेवटी एका मैदानात एक रात्र मुक्काम करावा: चटईवर झोप, सामाईक संडास, एका पिशवीत सामान, हातात छत्री, खिशात क्षार-साखरेची पुडी. मिनाचे तंबू एकसारखे दिसतात, तेव्हा तंबूचा क्रमांक पाठ करायचा आणि चिठ्ठीवर लिहून गळ्यात घालायचा सरावही तिथेच व्हावा. ज्यांची मुलं आखातात आहेत त्यांनी फोनवर दुआ मागण्याबरोबर तिथल्या उन्हात कसं वागायचं हेही आईबापाला सांगावं.

हजची तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, त्यामुळे हळूहळू थंडीचे हज येतील. पण आज सत्तरीत असलेल्यांना तोवर थांबता येणार नाही. त्यांना उन्हातच जायचं आहे. ते धडधाकट जावेत आणि घरी परत यावेत, ही जबाबदारी आपण सगळ्यांनी घ्यायला हवी.