मैलभर चाला, नाडी मोजा

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आपल्या गोल्फ क्लबवर, सकाळी चालणाऱ्यांची वर्दळ असते. फेऱ्या किती झाल्या हे प्रत्येक जण सांगतो. त्या फेऱ्यांनी हृदय किती सुधारले, हे मात्र क्वचितच कोणी सांगू शकेल. वजन काट्यावर कळते, साखर रक्ततपासणीत कळते. दमसास घटला हे जिन्यात धाप लागेपर्यंत लक्षात येत नाही.

तो अजमावण्याची एक बिनखर्चाची रीत आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ३० ते ६९ वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांवर ती पडताळून १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. सपाट जागेवर एक मैल, म्हणजे १६०९ मीटर, न धावता जमेल तितके झपाझप चालायचे. ४०० मीटरच्या धावपट्टीवर चार फेऱ्या आणि वर नऊ मीटर. थांबताक्षणी वेळ टिपायची आणि मनगटावर १५ सेकंद नाडी मोजून आकडा चौपट करायचा. वेळ, नाडी, वय, वजन आणि स्त्री की पुरुष, एवढ्यावरून शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, याचा अंदाज बांधता येतो.

ते गणित नको असेल, तर वेळ आणि नाडी वहीत लिहून ठेवावी. आज १८ मिनिटे व नाडी १४०, आणि तीन महिन्यांनी १६ मिनिटे व १३०, असे झाले तर हृदय तेच काम कमी कष्टात करू लागले, असे समजावे. तुलना स्वतःशीच करावी.

मात्र ही रोगाची तपासणी नाही. मैल चांगला चालता आला म्हणून रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, असे ठरत नाही. छातीत दुखले, चक्कर आली, तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावे. हृदयविकार असणाऱ्यांनी आधी विचारूनच चालावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंदावते, तेव्हा तो आकडा फसवा ठरतो.

‘घरकामात चालणे होतेच’ म्हणून गृहिणी यातून अंग काढून घेतात. कष्ट होतात हे खरे. पण सलग पंधरा-वीस मिनिटे झपाझप चालणे त्यात होत नाही. वहीत पहिले पान त्यांचे असावे.

निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरपूर गाठणाऱ्या या जिल्ह्याला चालणे शिकवायला नको. मोजण्याची सवय तेवढी लागायला हवी. त्यासाठी शहरातील प्रत्येक मैदानावर मैलाची खूण रंगवलेली असावी. एवढ्या रंगाचा खर्च महापालिकेला जड जाऊ नये.