जेऊरची थंडी आणि होडीचे इंजिन

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत राज्यातील तापमानाचे आकडे वाचू लागले म्हणजे महाबळेश्वर आणि निफाड यांच्या पंक्तीला अलीकडे करमाळा तालुक्यातील जेऊरचेही नाव आढळते, आणि ज्या सोलापूर जिल्ह्याची ख्याती वैशाखातल्या रणरणत्या उन्हासाठी, त्याच जिल्ह्यातल्या एका गावी पारा एक आकडी अंशांवर उतरतो हे पाहून सोलापूर शहरातल्या माणसाला नवल वाटते. नान्नजच्या द्राक्ष बागाईतदाराला मात्र ते वाटत नाही. थंडीची लाट म्हटली की बागेत ठिकठिकाणी शेकोट्या धुमसत ठेवून तो रात्र जागून काढतो. माझे आजचे निवेदन त्याच रात्री उघड्यावर पडून राहणाऱ्या, आणि ज्याच्यासाठी कोणीही जागत नाही, अशा एका वस्तूविषयी आहे. उजनीच्या जलाशयावर मच्छीमारांच्या व उतारूंच्या होड्या चालवणारे, होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेले छोटे पेट्रोल इंजिन ही ती वस्तू होय.

काही वर्षांपूर्वी करमाळ्याच्या बाजूच्या एका उतारावर मी भल्या पहाटे उभा होतो. रोहित पक्ष्यांचे थवे पाहण्यासाठी आलेली मंडळी होडीत बसून घेण्याच्या घाईत होती, आणि नावाडी दोरीला हिसके देऊन थकला होता. इंजिन रात्रभर पाण्याबाहेर तिरके उचलून ठेवलेले होते, त्याच्या टोपणावर दहिवर साचले होते, आणि पंख्याच्या मुळाशी जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याचे दोन वेढे करकचून बसले होते. रात्री यातले पाणी काढून ठेवता का, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “आवो साहेब, पाण्यातल्या इंजनाला पाण्यानं काय हुतंय?”

या प्रश्नात अज्ञान आहे असे मला त्या वेळी वाटले नाही, आजही वाटत नाही. ज्याला ते यंत्र कोणीही समजावून दिलेले नाही अशा कष्टाळू माणसाचा तो स्वाभाविक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देणे ज्यांचे कर्तव्य होते त्यांनी ते दिलेले नाही, ही माझी तक्रार आहे.

मोटारीच्या इंजिनाला थंड ठेवणारे पाणी तिच्या स्वतःच्या टाकीत फिरते आणि थंड मुलखात त्यात न गोठणारे द्रव्य मिसळता येते. होडीच्या या इंजिनाला अशी टाकी नाही. जलाशयाचेच पाणी ते आपल्या पायातील रबरी चक्राच्या पंपाने वर ओढते, इंजिनाभोवती फिरवते आणि पुन्हा जलाशयात सोडते. म्हणून इंजिन बंद केल्यावर ते पाण्याबाहेर काढून काही मिनिटे सरळ उभे ठेवले, तर आतील पाणी आपल्याच वजनाने खाली निघून जाते. परंतु संध्याकाळी घराची ओढ लागलेला नावाडी काठाला लागताच ते आडवे उचलतो, आणि पाणी आतील वळणावळणांत अडकून राहते. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते, आणि त्या फुगण्यापुढे धातूचे कवच टिकत नाही. या जातीचे इंजिन १९०९ मध्ये ओले एव्हिन्रूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने अमेरिकेतील मिल्वॉकी शहरी विक्रीस आणले. तो सरोवरे गोठणारा मुलूख आहे, आणि यंत्र उभे करून रिते करण्याचा शिरस्ता तेथे यंत्राबरोबरच रुजला. आपल्याकडे यंत्र आले, शिरस्ता मागे राहिला.

आता कोणी म्हणेल की उजनीवर बर्फ पडत नाही, मग ही चिंता कशाला? धातूला तडा जाईल असे हिंव आपल्या जिल्ह्यात पडत नाही, हे मी प्रथमच मान्य करतो. तरीही निरभ्र आणि निवांत रात्री उघड्या आकाशाखालचा पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो, आणि म्हणूनच महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचे पाणी गोठलेले नसताना त्याच्या धक्क्यावरचे व होड्यांवरचे दहिवर मात्र पांढरेशुभ्र गोठलेले सापडते. वेण्णेवर तशी रात्र आली तर इंजिन वर उचलून ठेवण्यापेक्षा त्याचा पाय न गोठलेल्या पाण्यातच सरळ सोडून ठेवणे अधिक सुरक्षित, कारण तलावाचे पाणी हवेइतके थंड झालेले नसते. याउलट लडाखातील पँगाँग सरोवरावर, जेथे ४,००० मीटरांहून अधिक उंचीवर खारे पाणीसुद्धा हिवाळ्यात गोठते आणि जेथील गस्तीसाठी आपल्या शेजारच्या गोवा शिपयार्डकडून लष्कराने बोटी बांधून घेतल्या, तेथे यंत्रातला थेंब न् थेंब काढून टाकणे हाच उपाय आहे.

परंतु उजनीच्या संदर्भात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्या नायलॉन दोऱ्याची गोष्ट. पंख्याच्या दांड्यावर जाळ्याचा दोरा गुंडाळला गेला की तो आतील तेलबंद रबरी कड्याला कापत जातो. कडे कापले की गिअरच्या पेटीत पाणी शिरते आणि तेल दुधासारखे पांढरट होते. हे पाणी इंजिन कितीही वेळ सरळ उभे केले तरी निघून जात नाही, कारण ती पेटी बंद असते. लडाखात असे पाणी एका रात्रीत पेटी फोडील. उजनीवर तेच पाणी गंजाच्या रूपाने दोन-तीन हंगामांत दातेरी चक्रे खाऊन टाकील, आणि शेवटी भर पाण्यात पंखा फिरेनासा होईल. रोग एकच, थंडी तो फक्त लवकर उघडा पाडते. यावरचा उपाय कोणत्याही मच्छीमाराला आपल्या हाताने करता येण्याजोगा आहे. पंखा काढून दोरा सोडवावा, पेटीचा खालचा व वरचा असे दोन्ही स्क्रू उघडून तेल एका ताटलीत घ्यावे, त्याचा रंग पाहावा, पांढरट असेल तर कडे बदलावे, नवे तेल खालच्या भोकातून वरच्या भोकापर्यंत चढेतो भरावे, आणि स्क्रूंचे वायसर न चुकता नवे घालावेत. मासेमारीच्या उत्पन्नाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

२१ मे २०२४ रोजी याच उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळात उलटून सहा जीव गेले. ती आपत्ती वाऱ्याची होती, आणि तिचे खापर यंत्राच्या निगेवर फोडणे अन्यायाचे होईल. पण ज्या जलाशयावर वारा असा अकस्मात उठतो, तेथे बंद पडलेल्या इंजिनाची होडी वाऱ्याला आडवी होते आणि लाटा तिच्या कुशीवर आदळतात, हे तेथला प्रत्येक नावाडी जाणतो. इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ या नव्या कायद्याने १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली आणि यंत्रचलित जलयानांची नोंदणी व तपासणी त्यात आहे. त्या तपासणीत उतारूंची संख्या आणि जीवरक्षक जाकिटे मोजून दप्तर बंद न करता, गिअरच्या पेटीतील तेल ताटलीत काढून पाहावे, असा स्पष्ट हुकूम निघाला पाहिजे.

त्याहूनही आधी, कार्तिकी एकादशीची गर्दी पंढरपुरात उसळण्यापूर्वी, करमाळा आणि इंदापूर या दोन्ही बाजूंच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील यंत्रशिक्षकांना उतारावर बोलवावे आणि एक दिवस प्रत्यक्ष इंजिन उघडून दाखवावे. प्रत्येक उतारावर इंजिन सरळ उभे राहील अशी लाकडी घोडी आणि वर पत्र्याची एक पडवी, एवढी तजवीज जिल्हा प्रशासनाला अवघड नाही. उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले तेव्हा ज्यांची गावे आणि जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्यातील अनेकांची पुढची पिढी आज त्याच पाण्यावर होडी चालवते. त्यांच्या यंत्रासाठी एक पडवी मागताना मला संकोच वाटत नाही.

तोवर होडीत बसणाऱ्या प्रत्येकाने एवढे करावे. इंजिन सुरू झाले की त्याच्या मागच्या अंगाला एका बारीक छिद्रातून पाण्याची सलग धार बाहेर पडते; पंप पाणी ओढतो आहे याची ती खूण असते. ती धार दिसत नसेल तर नावाड्याला नम्रपणे इंजिन बंद करावयास सांगावे, आणि ती दिसेपर्यंत काठ सोडू देऊ नये.