दुहेरी व्यसन आणि उंदराची निवड

दारू आणि कोकेनसारखे उत्तेजक द्रव्य जोडीने घेणारी माणसे पुष्कळ असूनही प्राण्यांवरील व्यसनसंशोधनाने दीर्घकाळ एका वेळी एकाच द्रव्याचा विचार केला. या पद्धतीच्या समर्थकांचे म्हणणे असे की, द्रव्याचा परिणाम त्याच्या रसायनावर ठरतो. ते उंदराने आपण होऊन घेतले काय किंवा संशोधकाने टोचले काय, त्याने फरक पडत नाही. शिवाय दोन द्रव्ये एकत्र आणली की कोणता परिणाम कशाचा, हे ठरवणे अशक्य होते. हा पूर्वपक्ष वरकरणी शास्त्रशुद्ध वाटतो, परंतु प्रयोगांच्या कसोटीवर तो टिकत नाही.

स्टीव्हन ड्वॉर्किन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एका उंदराला कळ दाबून शिरेवाटे कोकेन घेता येत असे आणि त्याच्याशी जोडलेल्या दुसऱ्या उंदराला त्याच क्षणी तितकेच कोकेन आपोआप मिळत असे. मात्रा आणि वेळ सारखी असूनही, ज्यांच्या हाती कळ नव्हती त्या उंदरांत मृत्यूचे प्रमाण कितीतरी अधिक निघाले. ‘आपण होऊन घेणे’ ही केवळ प्रयोगाच्या मांडणीतली सोय नसून शरीरावर होणाऱ्या परिणामाचाच एक घटक आहे, हे याहून स्पष्टपणे कसे दाखवता येईल?

एकेका द्रव्याचा सुटा अभ्यास करून मग बेरीज करावी, हा आग्रह तर अधिकच दुबळा आहे. दारू आणि कोकेन एकाच वेळी शरीरात असली की यकृतात कोकाएथिलीन हे तिसरेच द्रव्य तयार होते आणि ते कोकेनपेक्षा अधिक काळ रक्तात टिकते. सुट्या अभ्यासात ते हाती लागणार कसे? त्याहून बोलके उदाहरण सेफ्ट्रियाक्सोन या प्रतिजैविकाचे आहे. मेंदूतील ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन पेशींबाहेरून शोषून घेणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण या औषधाने वाढते, आणि केवळ कोकेन घेतलेल्या उंदरांमध्ये, सवय तुटल्यानंतर पुन्हा कोकेनच्या मागे लागण्याची ओढ त्यामुळे घटते. परंतु फ्लोरिडा विद्यापीठातील लोरी नॅकस्टेड यांच्या प्रयोगशाळेत कोकेनसोबत स्वेच्छेने दारूही प्यालेल्या उंदरांवर हे औषध तसे लागू पडले नाही. एकद्रव्यी प्रयोगांवर विसंबून हेच औषध दोन्ही घेणाऱ्या रुग्णांना दिले असते, तर त्यांच्या पदरी काय पडले असते?

पिंजऱ्यातल्या प्राण्याची कसली आली स्वेच्छा, हा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. बोर्दो येथे सर्ज अहमद यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले की कोकेन आणि सॅकरिनचे गोड पाणी यांत निवड करायला मिळाली, तर बहुसंख्य उंदीर गोड पाण्याकडे वळतात. पुढे २०१८ मध्ये मार्को व्हेनिरो आणि सहकाऱ्यांना मेथॅम्फेटामिनपेक्षा दुसऱ्या उंदराची सोबत पसंत करणारे उंदीर आढळले. यावरून ऐच्छिक सेवनाचे प्रयोगच फोल ठरतात, असे काही टीकाकार म्हणतात. पण हे निष्कर्ष निघाले तेच मुळी उंदराला निवड करू दिल्यामुळे. तेव्हा आक्षेपाचे उत्तर प्रयोग बंद करण्यात नसून निवडीला अधिक वाव देण्यात आहे: दारूची आणि पाण्याची अशा दोन बाटल्या, उत्तेजकासाठी कळ आणि त्यांच्या जोडीला अन्न किंवा सोबत.

मंडन करताना या पक्षातील उणीवही नोंदवली पाहिजे. नॅकस्टेड यांच्या पद्धतीत उंदराला आधी कोकेन आणि नंतर दारू मिळते. माणसे मात्र अनेकदा दारूपासून सुरुवात करतात, आणि दारू आधी घेतली असेल तर कोकाएथिलीन अधिक तयार होते. त्यामुळे दोन्ही द्रव्ये एकाच वेळी समोर असताना उंदीर कोणते आधी उचलतो आणि एकाची मात्रा दुसऱ्यामुळे किती बदलते, हे पाहणारे प्रयोग कितीही किचकट असले तरी तेच आधी हाती घ्यायला हवेत.