डफ धरणाऱ्यांची नावे लिहून घ्या!



संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट निघाली की सभेत पुढाऱ्यांची नावे घडाघडा येतात. मग कोणी 'माझी मैना' म्हणतो, टाळ्या पडतात, सभा उठते. पण ही गाणी गावोगाव नेणाऱ्या लाल बावटा कलापथकाचा इतिहास विचारा, की तीन नावांपुढे जीभ अडते!

ती तीन नावे मोठीच आहेत. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर. यांनी १९४४ साली पथक उभे केले. अण्णा भाऊ वाटेगावचे, शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. अमर शेख बार्शीचे, गिरणीत राबलेले. तमाशाचा आरंभ गणपतीच्या वंदनाने व्हायचा. अण्णा भाऊंनी तिथे मातृभूमी, कष्टकरी नि हुतात्मे आणले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तर तोच ऐवज लोकनाट्य म्हणून लोकांपुढे गेला. सरकार बघतच राहिले!

पण मला सांगा, पोवाडा एकट्याने होतो का? मागे झील धरायला माणसे लागतात. ढोलकी लागते, तुणतुणे लागते, सतरंजी उचलणारा लागतो. त्यांची नावे कुठे आहेत? अहो, गिरणीच्या मस्टरात बदलीवाल्याचेसुद्धा नाव पडते. इतिहासाच्या मस्टरात मात्र ही सगळी माणसे गैरहजर!

ह्याला कारणे आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत कागद कोण जपणार? गाणे तोंडातून तोंडात गेले. १९६९ साली जुलैत अण्णा भाऊ गेले, ऑगस्टात अमर शेख. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, माणसे गावाकडे गेली, त्यांच्याबरोबर ट्रंकाही गेल्या.

दुसरे कारण जास्त बोचणारे. हे पथक कम्युनिस्टांचे. १९६४ साली पक्षच फुटला. नंतर ज्याला जेवढे सोयीचे तेवढे त्याने उचलले. कोणी लाल बावटा घेतला नि जातीचे दुःख खाली ठेवले. कोणी जात घेतली नि बावट्याचा रंग धुऊन काढला. २०२२ साली मॉस्कोत अण्णा भाऊंचा पुतळा बसला, आनंदच आहे. पण पुतळ्याला झीलकरी नसतात.

म्हणून माझे म्हणणे असे, की हा इतिहास कुठल्याच पक्षाच्या कचेरीत बसून लिहू नये. भांडणेही लिहावीत. कोण का सोडून गेला, पैका कुठून यायचा, बायांना फडावर उभे राहू दिले की नाही, सगळे. राष्ट्र सेवा दलाचेही कलापथक होते. आमचे त्यांचे पटत नसे, तरी त्यांचेही लिहावे. हुतात्मे १०५, १०६ की १०७ यावर अजून वाद चालतो, मग झीलकऱ्यांची काय कथा?

आणि वेळ नाही. १९५५ च्या २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला गोळी चालली, तेव्हा जो विशीत होता तो आज नव्वदीत आहे. युनियनच्या प्रत्येक शाखेने एक वही घ्यावी, दोन पोरे पाठवावीत. म्हाताऱ्याला भाषण द्यायला लावू नका. एवढेच विचारा: गेटावर गाणे व्हायचे तेव्हा तुमच्या शेजारी कोण उभे असायचे? त्याचे गाव कोणते? तो कुठल्या खात्यात होता? त्याच्या घरी आता कोण आहे?