पाटीवरील नाव

२०१० साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने होमाई व्यारावाला यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरविले. कॅमेरा त्यांनी १९७० मध्येच खाली ठेवला होता. म्हणजे गौरवास चाळीस वर्षे लागली! मुंबईच्या नियतकालिकांतून त्यांची आरंभीची छायाचित्रे छापली गेली ती पती माणेकशा यांच्या नावाने. श्रम एकाचे, श्रेय दुसऱ्याचे, ही रीत गिरणीतील कामगाराला नवी नाही. स्त्रीच्या बाबतीत मात्र तिला घरंदाजपणाचे नाव मिळते. आता ‘पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार’ अशी पाटी लावून सारे मोकळे होतात. (पुरुषाच्या चित्राखाली ‘पुरुष छायाचित्रकार’ असे कोणी लिहीत नाही.) स्त्रियांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरविणाऱ्या संग्रहालयांनी परक्या नावाने छापलेली ती जुनी पानेही चित्रांशेजारी टांगावीत.